हाकेला ओ

धम्मपाल पगारेला कुणी नेट बंद पडल्याचं सांगितलं, तर तो कंपनीला शिव्या घालत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. एवढ्यावरूनच ओळखावं, की माणूस या धंद्यात मुरलेला आहे. द्वारका चौकाजवळच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत तो लाइन दुरुस्तीचं काम करतो. त्याआधी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. खांब गेले, दुखरे गुडघे तेवढे माझ्या वाट्याला आले, असं त्याची बायको लताबाई येईल त्याला ऐकवते.

त्याची पद्धत ठरलेली. लॅपटॉप उघडायचा आणि पहिलं पिंग घरातल्याच नेटच्या डबीला, म्हणजे राउटरला करायचं. पिंग म्हणजे फार काही नाही. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ते ओ देतं का बघायचं. घरातल्या डबीने ओ दिली की कंपनीला हाक, मग मुंबईला, मग आणखी पुढे. जिथून ओ येत नाही, त्याच्या अलीकडे कुठेतरी खोट. लोक मात्र थेट जगाच्या टोकापासून शोधायला लागतात, आणि त्याचं धम्मपालला हसू येतं.

घोटीच्या पुतळाबाईंनी मात्र त्याला पार दमवलं. एकटी बाई, भाताची थोडी शेती, आणि लेक आशा बंगळुरूला. आशाने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून मायलेकींचं बोलणंच तुटलं होतं. शेवटी आशानेच पुढाकार घेतला, आईच्या घरी नेट बसवून दिलं आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायला लागली. दोघी छान बोलत. पण तिकडे जावई योगेश कामावरून घरी यायचा, आशाच्या शेजारी बसायचा, "आई" म्हणायला तोंड उघडायचा आणि इकडे कॉल तुटायचा. रोजच.

"नेट गेलं होतं गं," पुतळाबाई सांगायच्या.

"तो आला की बरं जातं तुझं नेट!" आशा म्हणायची.

आता ती तरी काय करणार? ज्याला बोलायचं नाही तो हल्ली हेच सांगतो. पुतळाबाईंवर खरं बोलूनही खोटं ठरायची पाळी आली होती. शेवटी एका संध्याकाळी आशा रडत म्हणाली, "उद्या शेवटचा फोन करते. त्याच्याशी बोलायचं नसेल तर सरळ सांग, नेटच्या आड नको लपूस."

धम्मपाल दोनदा दुपारी जाऊन आला होता. दोन्ही वेळा डबीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांनी झटक्यात ओ दिली. खोट सापडेना, आणि पुतळाबाईंचा चेहराही बघवेना. त्याला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रारी घेणारी वैष्णवी हसत म्हणाली, "दादा, तुमच्या घोटीच्या मावशींना काल फोनवर विचारलं, दिवा लागलाय का? तर म्हणतात, हो, आत्ताच लावला."

धम्मपाल चहाचा कप तसाच ठेवून उठला. डबीवरचा दिवा आपोआप लागतो. तो कुणी लावत नाही.

तो दिवेलागणीच्या जरा आधी घोटीला पोचला. कोनाड्यातल्या देवांच्या शेजारी ती पांढरी डबी होती, हळदकुंकू लावलेली. दुपारी त्याने ती पाहिली होती, पण देवाचं स्थान म्हणून तिथे फार हात लावला नव्हता. पुतळाबाईंनी निरांजन आणलं, जागा करायला डबी मागे भिंतीला सारली, आणि दिवा लावला. लॅपटॉपवर घरातली डबी ओ देत होती. कंपनी गप्प झाली. डबीवर बारीक लाल ठिपका लागला.

"मावशी, ही पिवळी वायर आतून काचेची आहे," तो हळूच म्हणाला. "केसासारखी काच. तिच्यातून उजेड येतो, त्या उजेडातूनच आशाताई येतात. नेमकं जावई घरी येतात त्याच वेळी तुम्ही दिव्यासाठी डबी सारता, वायर भिंतीपाशी मुडपते आणि उजेड अडतो. नंतर डबी पुढे ओढली की पुन्हा सुरू."

पुतळाबाईंनी वाकून वायरीकडे पाहिलं. "म्हंजी मीच रोज तोडीत व्हते? आन् लेकीला वाटलं..."

"डबी तिकडे खिडकीत ठेवू या का?"

"नाय, भाऊ. लेकीचा आवाज येतो तिच्यातून. तिला कुठं बाजूला ठिवू?"

धम्मपालने वाद घातला नाही. त्याच कोनाड्यात वरच्या अंगाला, ज्योतीपासून जरा बाजूला, एक लहान फळी ठोकली, डबी तिच्यावर बसवली आणि वायरला मोठा, सैल वळसा दिला. खाली निरांजन खुशाल तेवू लागलं. लाल ठिपका गेला, आणि कंपनीने ओ दिली. तो चपला घालायला निघाला, तेवढ्यात कॉल वाजला.

आशा आज फार बोललीच नाही. तिचे डोळे सुजलेले होते. मग मागे दार वाजलं आणि योगेश येऊन तिच्या शेजारी बसला. निरांजन जळत होतं. कॉल तुटला नाही.

"आई," योगेश म्हणाला.

पुतळाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. इतके दिवस नेट मध्ये येत होतं. आता मध्ये कुणीच नव्हतं, आणि शब्द काही फुटेना. धम्मपालची नजर उघड्याच राहिलेल्या लॅपटॉपवर गेली. तिथे सगळं सुरळीत होतं. ही खोट त्याच्या हातातली नव्हती.

"आई, नेट गेलं का?" आशाने खचल्या आवाजात विचारलं.

पुतळाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. योगेशने पुन्हा हाक मारली, जरा भीतभीत. "आई?"

"ओ," पुतळाबाई म्हणाल्या.