खाणीवाल्यांचं पुढे काय झालं

कामाच्या बाबतीत मावशीला कुणी फसवू शकत नसे. गोदीत कोळशाच्या टोपल्या वाहून तिचे गुडघे गेले होते, पण कोण खरं राबतंय आणि कोण राबल्याचं सोंग करतंय, हे तिला लांबूनही कळायचं. शनिवारी दुपारी ती शाळेच्या पालकसभेत बसली आणि समोर सोंग चाललंय, हे तिनं ओळखलं.

सून पाळीवर होती, म्हणून नातीची पालक म्हणून मावशी आली होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. हेडमास्तरांनी ठराव वाचला. नववीच्या इतिहासातला जगाचा भाग गाळायचा आणि तो तास देशाच्या इतिहासाच्या उजळणीला द्यायचा.

"परीक्षेत त्यावर प्रश्नच येत नाही," हेडमास्तर म्हणाले. "मुलांवर उगाच बोजा कशाला?"

"उजळणी कसली करणार?" मावशीनं विचारलं.

"राजे, लढाया, सनावळ्या."

"माझी नात पाचवीपासून त्याच लढाया घोकतेय. भरलेली टोपली फळीवरून जहाजावर न्यायची, तशीच भरलेली खाली आणायची, पुन्हा वर न्यायची. घाम निघतो, मास्तर. पण त्याला काम म्हणतात का?"

दोघंतिघं हसले. मागच्या बाकावर तिचा दीर खाकरला. मुकादमी जाऊन जन्म लोटला तरी सगळी वस्ती त्याला मुकादमच म्हणायची. तो नातवाच्या वतीनं आला होता.

"वहिनी, खाली बस. आधी पोरांना आपलं घर कळू दे. मग शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावू."

"मी बसलेलीच आहे, भाऊजी. आणि घर कळायला नको, असं कोण म्हणतंय? दोन्ही शिकवा, एवढंच म्हणते."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण भाऊजींनी म्हणावं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती नुकतीच लग्न होऊन आली होती तेव्हाची गोष्ट. समुद्रापलीकडच्या एका देशात कोळशाच्या खाणीतले मजूर संपावर गेले होते, आणि तो संप मोडायला इथून कोळसा निघाला होता. गोदीचा एक न लिहिलेला नियम होता. डोक्यावर घेतलेली टोपली जहाजात रिकामी केल्याशिवाय खाली ठेवायची नाही. मध्येच ठेवली की मागची सगळी रांग तुंबते आणि ठेवणाऱ्याची अब्रू जाते. त्या दिवशी कोळसा कुठं चाललाय हे कुणीतरी ओरडून सांगितलं. मावशीच्या नवऱ्यानं फळीच्या मधोमध टोपली ठेवली. मागं मावशी होती, तिनंही ठेवली. मुकादम बघत उभा राहिला, पण 'उचला' म्हणाला नाही. जहाज रिकामं गेलं. नवऱ्याला पुन्हा कुणी गोदीत उभं केलं नाही. भाऊजींची मुकादमी गेली आणि त्यांच्याही डोक्यावर टोपली आली. तो हिवाळा दोन्ही घरांनी एका चुलीवर अर्धपोटी काढला.

मावशीनं हे सगळं थोडक्यात सभेला सांगितलं आणि विचारलं, "मास्तर, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात येईल?"

हेडमास्तरांनी खरोखर विचार केला. "देशाच्या इतिहासात नाही. संप तिकडचा होता."

"आणि तिकडचं तुम्ही गाळताय."

"आठवड्याला दोनच तास हातात असतात, मावशी. तिसरा कुठून आणू?"

"त्या खाणीवाल्यांनी आपली आठवण तरी ठेवली का?" मुकादम उसळला. "आपण जगलो की मेलो, विचारलं कुणी?"

"मला काय माहीत! तुम्हाला तरी माहीत आहे? नात विचारते, आजी, मग ते जिंकले का? मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. ज्याच्यापायी माझ्या नवऱ्याची रोजी गेली, ते तडीला लागलं की बुडालं, हे सांगणारं एक माणूस मला भेटलं नाही. आता कुठं घरातली पोर शिकून सांगेल म्हटलं, तर तिचाच तास कापताय!"

हेडमास्तरांनी मतं मागितली. मग हात वर झाले. ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला, आणि मंजूर म्हणणाऱ्या हातांत मुकादमाचा हात होता.

मावशीनं त्याला जिन्याखाली गाठलं. "बाकीच्यांचं सोडा. तुम्ही, भाऊजी?"

मुकादम भिंतीकडे बघत म्हणाला, "हरले असतील तर, वहिनी?"

"काय?"

"संप मोडला असेल तर? दादा त्यापायी दारोदार काम मागत फिरला. फुकट फिरला, असं पोरांनी पुस्तकात वाचायचं? त्यापेक्षा न कळलेलं बरं."

मावशीला त्याची कीव आली. संताप मात्र तसूभरही कमी झाला नाही.

"म्हणजे भीती तुम्हाला, आणि पट्टी अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांवर! हरले असतील तर हरले. पण कळू द्या. चला वर, हात मागं घ्या."

"आता? ठराव लिहून झाला असेल."

"मग खोडतील. हात काही मोडत नाहीत त्यांचे."

तो हलला नाही. मावशीनं कठडा धरला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढू लागली. मधल्या वळणावर ती थांबली.

"माझं मत मोजून झालंय. उपयोग तुमच्या मताचा आहे. येताय, की खाली येऊन कान धरून नेऊ?"

ती वळून पुढची पायरी चढली. मग पहिल्या पायरीवर चपला वाजल्या.