सलग चार मेगाबाइट

रफीका कमून ही बाई चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरायचा. ऑफिसात हे सगळ्यांना पाठ होतं. ती गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत असली की समजायचं, बाई मजेत आहेत. पण तान्ह्या बाळाला थोपटावं तशा आवाजात तिनं "हे कुणी लिहिलंय?" असं विचारलं, की ज्यानं लिहिलेलं असायचं त्याला एकदम तहान लागायची आणि तो पाणी प्यायला जायचा तो जिना उतरून थेट रस्त्यावर.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या त्या अकरा माणसांच्या कंपनीत ती चौदा वर्षं एकच काम करत होती. यंत्राच्या पोटात कर्नेल नावाचा एक मुकादम असतो. ज्याला म्हणून मेमरी हवी, त्याला या मुकादमाच्या दारात उभं राहावं लागतं. कुणाला किती द्यायची, कुठली द्यायची, परत आलेली कुठे ठेवायची, हे तो ठरवतो. त्या मुकादमाला शिकवायचं काम रफीकाचं. तिची आई शेजारणीला अभिमानानं सांगायची, "आमची रफीका कॉम्प्युटरमध्ये वाटपाचं काम करते." शेजारीण डोळे बारीक करून विचारायची, "म्हणजे नगरपालिकेत का गं?" चौदा वर्षं आईनं "हो, तसंच काहीसं" एवढ्यावर भागवलं होतं.

तर डिसेंबरातला शुक्रवार. ऑलिव्हचा हंगाम भरात. सकाळी साडेसातला मालकांनी, म्हणजे सी नेजीबनी, तिला केबिनमध्ये बोलावलं. सी म्हणजे साहेब. सी नेजीब बोलायला लागले की तोंडात खजूर विरघळतोय असं वाटायचं. प्रत्येक वाक्य "बघ ना"नं सुरू आणि "हो की नाही?"नं बंद. उत्तराची वाट त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नाही.

"बघ ना रफीका, हाज खमैसच्या घाण्यावर जरा जाऊन ये. आपला डबा एकदा बंद करून चालू करायचा. आणि रोज पहाटे तो आपला आपणच बंद होऊन चालू होईल, एवढी सोय करून ठेवायची. अर्ध्या तासाचं काम, हो की नाही?"

कंपनीचा डबा म्हणजे घाण्याच्या पट्ट्यावर बसवलेला कॅमेरा आणि त्याचा मेंदू. पट्ट्यावरून ऑलिव्ह जातात, कॅमेरा फोटो काढतो, पानं, खडे, सडके दाणे वाऱ्याच्या झोतानं बाहेर उडतात. डबा थांबला की पट्टा थांबतो, आणि पट्टा थांबला की पोत्यांतले ऑलिव्ह एकमेकांच्या अंगावर गरम होत तेल आंबवतात. हाज खमैसच्या घाण्यावर हंगामात तीनदा असं झालं होतं.

"पण ते प्रकरण मिटलं ना?" रफीका म्हणाली. "तुम्हीच कळवलंत, कुणीतरी मुद्दाम वायर उपटतंय म्हणून."

"मिटलंच. डब्याच्या नोंदीत तिन्ही वेळा वीज गेल्याचं आहे. घाण्यात वीज होती. म्हणजे वायर उपटली. तो म्हातारा आहे ना तिथला, लमजद. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, हा काचेचा डोळा माझ्यावर नजर ठेवणार का म्हणून. आज दहा वाजता चाव्या देऊन घरी जातोय. सुंठीवाचून..." एवढं बोलून सी नेजीब थांबले आणि पेन शोधायला लागले.

"मग रोज बंदचालू कशाला करायचं?"

"काळजी म्हणून गं."

"तीनदा बंद पडला, ते किती किती दिवसांनी?"

सी नेजीबनी कागद पाहिला. "नऊ. मग दहा. मग पुन्हा नऊ."

"आणि आज कितवा दिवस?"

"नववा," असं म्हणून त्यांनी कागद उलटा ठेवला.

"अच्छा," रफीका म्हणाली. इतक्या हळू, की सी नेजीबना पुढे वाकावं लागलं.

गाडीत बसल्यावर तिनं दार असं आपटलं की बाजूच्या भिंतीवरचं मांजर उडालं. चिडलेला माणूस मनात येईल तेव्हा वायर उपटतो. कॅलेंडर बघून उपटत नाही. नऊ दिवस कशाला लागतात हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. एकेका खेपेच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याला चार मेगाबाइट मेमरी लागायची, तीही सलग. मार्च महिन्यात ती सांगत होती, की डबा सुरू होतानाच हा तुकडा मागून घ्या आणि धरून ठेवा, कुणाला देऊ नका. सी नेजीब म्हणाले होते, "बघ ना, नुसतं धरून बसायचं म्हणजे उधळपट्टी. फोटो आला की मागायचं, झालं की परत. बायका शेजारून चाळणी आणतात तसं, हो की नाही?" दोन दिवस भांडण झालं होतं. दोन दिवसांनी चाळणीचं ठरलं होतं.

आणि आता त्या चाळणीपायी एकतीस वर्षं घाणा चालवलेल्या माणसाला घरी पाठवत होते. ते कायमचं पक्कं करायला निघाली होती रफीका स्वतः. एकदा रोजचं बंदचालू बसलं, की डबा पुन्हा कधीच थांबणार नव्हता, आणि गावभर सांगितलं जाणार होतं, बघा, म्हातारा गेला आणि यंत्र सुधारलं.

घाण्यात पोचली तेव्हा साडेआठ वाजले होते. हाज खमैस दाराशीच टेबल टाकून बसला होता. समोर ताज्या तेलाची वाटी, गरम तबूना, म्हणजे मातीच्या भट्टीतल्या रोट्या. हाजचा आवाज म्हणजे लोखंडी दार ओढल्यासारखा. "ये बिंती, ये लेकी, बस, खा. काम झालं की तेल घेऊन जा आईला." पलीकडे पोत्यांवर अम्म लमजद बसला होता. अम्म म्हणजे काका. अख्खा रस्ता त्याला काकाच म्हणायचा. दहा वाजायला वेळ होता तरी तो चाव्या घेऊन आला होता. कुणाकडे बघत नव्हता.

रफीकानं लॅपटॉप डब्याला जोडला आणि मुकादमाला त्याचा साठा विचारला. पडद्यावर अकरा आकडे आले. डावीकडे सगळ्यात बारके तुकडे, उजवीकडे सगळ्यात मोठे, सलग चार मेगाबाइटचे. डावीकडे हजारोंनी. सगळ्यात उजवीकडचा आकडा होता दोन.

बंदचालूचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. तिनं हात मांडीवर घेतला.

"हाज, हा डबा आज सकाळी बंद पडणार आहे. आपणहून. कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा."

"म्हणजे?" हाज खमैसनं घास खाली ठेवला. "तुला तो चालू ठेवायला पाठवलंय की बंद पाडायला?"

"बघायला थांबा. एवढंच मागतेय."

"बाहेर चाळीस पोती उभी आहेत, बाई! आणि तू मला सांगतेस, थांबा आणि बघा?"

रफीकानं समोरची रोटी उचलली, मधोमध मोडली, एका अर्ध्याचे पुन्हा दोन केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. "मेमरी ही अशी वाटली जाते. अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं. तुकडे परत आले की जोडायचे, पण प्रत्येक तुकडा फक्त आपल्या जुळ्यालाच जोडला जातो, दुसऱ्या कुणाला नाही." तिनं शेवटची कपची हाजच्या मुठीत कोंबली. "ही धरा. सोडू नका. आता मला अख्खी रोटी करून द्या."

हाजनं टेबलाकडे पाहिलं. "एवढीशी कपची तर माझ्याकडे आहे."

"तेवढ्यावरच अडतं. तिच्या जुळ्याला जोडीदार नाही, म्हणून पाव नाही, म्हणून अर्धी नाही. टेबलभर रोटी पडलीय आणि अख्खी एकही नाही. नऊ दिवसांत डब्यात हजार जण अशा कपच्या धरून बसतात. मेमरी आहे, भरपूर आहे, पण सलग चार नाहीत. कॅमेरा मागतो, मुकादम नाही म्हणतो, पट्टा थांबतो."

"मग नोंदीत वीज गेल्याचं कसं?"

"मुकादमाची कुरकुर मेमरीतच लिहिलेली असते. वायर काढली की पुसली जाते. उरते फक्त वीज गेल्याची नोंद. आधी डबा थांबला, मग वायर निघाली. तुम्ही उलटं वाचलंत." मग ती आणखी हळू म्हणाली, "तुम्हाला उलटं वाचून दाखवलं."

अम्म लमजदनं पहिल्यांदाच मान वर केली.

सव्वानऊला आकडा एकवर आला. तेवढ्यात हाजचा फोन वाजला. सी नेजीब. हाजनं फोन तिच्या हातात दिला आणि स्वतःचा कान तिथेच टेकवून ठेवला.

"बघ ना रफीका, अजून बंदचालू झालेलं दिसत नाही मला इथून. दाब आणि ये. नाही दाबलंस तर सोमवारी ऑफिसात यायची तसदी घेऊ नकोस. मी काही वाईट माणूस नाही, हो की नाही?"

"नाही," रफीका म्हणाली.

या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. तिनं फोन बंद करून हाजला परत दिला.

पावणेदहा. आकडा शून्य झाला. रफीका उठून उभी राहिली. पट्टा चालूच. मग शून्याचा पुन्हा एक झाला. मुकादमानं कुठल्या तरी कोपऱ्यात सामान सरकवून जागा केली असणार. तोही एकदम हार मानत नाही. मुकादमाला हे सरकवायला तिनंच शिकवलं होतं, आणि आज तिला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटत होती.

"काय गं, तुझी अख्खी रोटी झाली की काय?" हाज म्हणाला.

दहा वाजले. अम्म लमजद उठला. टेबलापाशी आला आणि चाव्यांचा जुडगा तेलाच्या वाटीशेजारी ठेवला. हाजनं नुसतं रोटीकडे बोट दाखवलं. निरोपाच्या माणसालाही घाण्यातून उपाशी धाडत नाहीत. म्हाताऱ्यानं एक तुकडा घेतला आणि तेलात बुडवला.

पट्टा थांबला.

वाऱ्याचे झोत थांबले. इतकी शांतता झाली की दाणे घरंगळून खाली पडताना ऐकू आले. वायर भिंतीत घट्ट बसलेली. अम्म लमजदचा एक हात तेलात, दुसरा छातीवर. पडद्यावर उजवीकडे शून्य, आणि खाली मुकादमाची कुरकुर ओळीमागून ओळ: मागणी मोठी, सलग जागा नाही.

हाज खमैस खुर्ची पाडत उठला आणि त्यानं नेजीबच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. पण त्याच्याहीपेक्षा मोठा आवाज निघाला तो म्हाताऱ्याचा.

"अस्संच झालं होतं! पहिल्या दिवशी अस्संच! मी इथे उभा होतो. मी तुमच्या ऑफिसात फोन लावला. एक माणूस आला फोनवर, साखरेचं तोंड. म्हणाला, बघ ना काका, वायर काढ आणि पुन्हा लाव, हो की नाही? मी काढली! त्यानं सांगितली म्हणून काढली! तिन्ही वेळा त्यानं सांगितली!"

रफीकाला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, नेजीब आळशी आहेत, चिक्कू आहेत. वायर काढायला त्यांनीच सांगितली आणि मग तीच नोंद दाखवून म्हाताऱ्याला चोर ठरवलं, इथवर तिचा राग पोचलेला नव्हता.

"हे तू हाजला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"सांगितलं! विचार त्याला! छापील कागद आला होता तुमचा. कागदापुढे माझं तोंड कोण बघतो?"

हाज खमैस एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधायला लागला.

म्हातारा रफीकाकडे वळला. "आणि तू. नऊ दिवसांनी बंद पडणार, हे तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"मार्च!" त्यानं बोटं मोजली नाहीत, नुसती उघडून दाखवली. "आणि आतलं ते लिहिलंय कुणी?"

"मी. पण मी भांडले होते, अम्म लमजद. दोन दिवस भांडले."

"भांडलीस. आणि मग?"

"मग लिहिलं."

"मग लिहिलंस." तो इतक्या हळू बोलला की आता रफीकाला पुढे वाकावं लागलं. "दोन वर्षांपूर्वी यानं, या हाजनं, मला कुजका माल चांगल्यात मिसळायला सांगितला होता. मी भांडलो नाही. मी पट्टाच चालू केला नाही. भांडून मग करायचं, तर भांडायचं कशाला?"

रफीकाच्या तोंडात एकाहून एक जबाब तयार होते. चौदा वर्षांत तिला कधी जबाब शोधावा लागला नव्हता. तिनं त्यातला एकही काढला नाही.

ती पोत्यावर बसली आणि लिहायला लागली. वीस ओळी काढल्या, सहा घातल्या. डबा सुरू होतानाच सलग चार मेगाबाइट घ्यायचे आणि सोडायचे नाहीत. डब्यातल्या पाचशे बारा मेगाबाइटांतले चार! एवढ्यासाठी. तिनं इतक्या जोरात बटणं दाबली की एक उडून ऑलिव्हमध्ये गेलं.

तिच्या धंद्यात एक रीत आहे. केलेल्या प्रत्येक बदलाला कारण लिहावं लागतं, नावासकट, आणि ते कुणालाही पुसता येत नाही. एरवी रफीका एक ओळ लिहायची. आज तिनं लिहिलं: ही चूक मी केली. मार्चमध्ये मला ठाऊक होतं आणि तरी मी लिहिली. डबा मेमरीअभावी थांबत होता. खमैसच्या घाण्यावर वायर काढली गेली ती आमच्या मालकांनी फोनवर सांगितली म्हणून, तिन्ही वेळा. खाली नाव घातलं आणि ज्या एकोणीस घाण्यांवर हा डबा होता त्या सगळ्यांना बदलासोबत ते पाठवून दिलं. सोमवारचा प्रश्न तिनं मिटवून टाकला होता.

हाज खमैसनं चाव्या उचलल्या आणि म्हाताऱ्यापुढे धरल्या. माफी बिफी त्याला जमणारी नव्हती. "घे ना आता," असं तो तीनदा म्हणाला. अम्म लमजदनं त्याला तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग घेतल्या.

डबा चालू झाला. पट्टा हलला. रफीका म्हाताऱ्याकडे बघत राहिली, तो काहीतरी बोलेल म्हणून.

"झालं का तुझं?" अम्म लमजद म्हणाला.

"झालं."

"मग ऊठ त्या पोत्यावरून. माल गरम होतोय."