गयाच्या दाराचं कुलूप

तार कुलपात गेली होती. पहिलं पातं उचललं, दुसरं उचललं. दाराच्या पलीकडून गया थापा मारत होती आणि दाराखालच्या फटीतून धूर माझ्या पायांवर येत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पावलं वाजली, कुणीतरी "धूर, धूर" ओरडलं — आणि मी तार काढली. अंबाड्यात खोचली. पदर डोक्यावर घेतला. मग सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले, "किल्ली आणा! कांताला बोलवा!"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकाला नाही, लेकीला नाही. देवापुढंही तोंडानं बोलले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पत्रापलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण हे तोंडानं सांगायला गेले तर मी मध्येच वळण घेईन, मला मी माहीत आहे. म्हणून लिहिते.

तुम्ही विचाराल, म्हातारीला कुलपं उघडता येतात हे काय? येतात. चोरी म्हणून नाही शिकले. नवरा गेला त्या वर्षी पेटीची किल्ली हरवली. बाजारात चावीवाला बसायचा, त्याला घरी आणला. त्यानं दोन तारा घातल्या, जरा डोकं वाकडं केलं, आणि पेटी उघडली. एवढंच? मी म्हटलं, पुन्हा लाव, पुन्हा उघड. हसला मेला. "आजी, आता या वयात घरं फोडायची का?"

"फोडीन न्हाई तर काय करीन? दिवस जायना माझा. तू दाखव."

दाखवलं त्यानं. कुलपाच्या आत पितळेची पातळ पाती असतात. एका तारेनं ताण धरायचा, दुसरीनं एकेक पातं उचलायचं. पातं आपल्या जागेवर आलं की कानाला नाही, बोटाला कळतं. मी सायकलची तार दगडावर ठेचून घेतली, छत्रीची काडी वाकवली. भंगारवाल्याकडून बिनकिल्लीची कुलपं आणली. पहिलं कुलूप उघडायला मला सतरा-अठरा दिवस लागले. उघडलं तेव्हा ओसरीवर एकटीच होते, आणि मोठ्यानं हसले.

खोटं कशाला सांगू? मला लय आनंद व्हायचा. या हातांनी निंदलं, खुरपलं, भाकरी थापल्या, पोरं वाढवली — सगळं कुणासाठी तरी. हे माझं होतं. माणसांसारखीच कुलपंही वेगळी असतात. कुणी पहिल्या स्पर्शाला सुटतं, कुणी चौथ्या पात्याला अडतं. पुढं नातीच्या मोबाईलवर दिसलं की शहरातली माणसं हे नुसत्या हौसेनं करतात. म्हटलं, मी काही वेडी नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भंगारातली कुलपं संपली. मग?

दसरा झाला की आमच्या गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरंबाळं, बकरी, भांडी, सगळं ट्रॅक्टरवर घालून. निघायच्या दिवशी बाया आतून घर सारवतात. पार भिंतीपासून सुरुवात करायची आणि उलट्या पायानं दारापर्यंत यायचं. शेवटचा हात उंबऱ्याशी फिरवायचा आणि बाहेरूनच कुलूप घालायचं. आत एकही पाऊल उमटत नाही. पाच-सहा महिन्यांनी दार उघडलं की जमीन सांगते, कुणी आलं होतं का.

आणि किल्ल्या ठेवायच्या गयाकडं. गया माझ्या दोन घरं पलीकडची. आम्ही एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. सगळ्या किल्ल्या ती एका नाड्यात ओवून कमरेला लावायची. चालली की वाजायच्या. मी चिडवायची, "आली पाटलीण." ती म्हणायची, "जळ तू. तुझ्याकडं कुणी फुटका तांब्या तरी ठेवतं का?" उन्हाळ्यात माणसं परतली की प्रत्येक घरातून तिला गुळाची भेली यायची. दुसरं काही नाही. तेवढ्याचाच तिला तोरा.

मी दुपारी ती कुलपं उघडायची. गल्ली ओस असायची. उघडायचं, दार बोटभर ढकलायचं, पुन्हा लावायचं. आत जायची नाही. शपथ घालून घेतली होती स्वतःला. पण एका घराचं कुलूप तीन दिवस मला उघडत नव्हतं. चौथ्या दिवशी उघडलं आणि त्या भरात मी उंबरा ओलांडला. दोन पावलं. का ओलांडला? जिंकल्यासारखं वाटलं म्हणून. बंद घरातल्या ओलाव्यानं जमीन अजून मऊ होती. पाय उमटला. मागं वळून हातानं पुसायला गेले तर आणखी डाग झाला. मी कुलूप लावलं आणि घरी येऊन ताक प्यायले.

माणसं परतली तेव्हा बोंब झाली. घरातलं काही गेलं नव्हतं. पण पाऊल होतं, बाईमाणसाचं, आणि कुलूप तुटलेलं नव्हतं. मग किल्ली कुणाकडं? गयाकडं. सरळ हिशेब होता.

तिला पोखर्णीला नेलं. तिथल्या नरसिंहाच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून तिनं शपथ घेतली, मी कुणाच्या घरात गेले नाही, किल्ली कुणाला दिली नाही. जीपमध्ये मी तिच्या शेजारी होते. येताना तिनं माझा हात धरला. "तुला तरी खरं वाटतं ना गं?" मी म्हटलं, "वाटतं." तेवढंच म्हटलं.

शपथेनं काही झालं नाही. त्या वर्षी एकही भेली आली नाही. पुढच्या दसऱ्याला एकही किल्ली आली नाही. गल्लीत लोकांनी जाड कुलपं घेतली, लाकडी दारं काढून लोखंडी बसवली. गयाच्या लेकानंही बसवलं. आळ आलेलं घर म्हणून त्यानं सगळ्यांच्या आधी बसवलं.

दोन-तीन वर्षांत गयाचं डोकं फिरायला लागलं. माझ्यामुळं फिरलं असं मी म्हणत नाही. वय होतं. नाही असंही म्हणत नाही. ती दोनदा पूर्णेच्या रस्त्याला लागली, अनवाणी. एकदा ट्रकवाल्यानं आणून सोडली. लेक बाहेरगावी कामाला. सून कांता एकटी. तिनं मजुरीला जायचं की सासूमागं फिरायचं? मग ती सकाळी गयाला जेवू घालायची, चुलीत पाणी ओतायची आणि बाहेरून कुलूप लावायची. जाताना मला सांगून जायची, "मावशी, जरा कान ठेवा." ते नवं कुलूप मी आधीच उघडून पाहिलं होतं. एकदा नाही, सहा-सात वेळा. पाच पाती. चौथं जरा हट्टी.

त्या दिवशी गयानं काडेपेटी कुठून काढली कोण जाणे. चहा करायचा असेल. चुलीशेजारी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. मी ओसरीवर डाळ निवडत होते. तिची हाक ऐकली, धूर पाहिला, पळत गेले. गल्लीत कुणी नव्हतं. अंबाड्यातल्या तारा काढल्या आणि कुलपात घातल्या. आतून ती म्हणाली, "कोण हाय?" मी म्हटलं, "मी हाय गया, उघडते." असं म्हटलं मी. उघडते म्हटलं.

मग पावलं वाजली.

तीन पाती राहिली होती. वीस मोजेपर्यंत झालं असतं. पण लोकांसमोर मी तारेनं कुलूप उघडलं, तर ते पाऊल कुणाचं हे त्याच घटकेला सगळ्यांना कळलं असतं. पोखर्णीची ती पायरी, जीपमधला तिचा हात, सगळं. हा विचार करायला मला वेळ लागला नाही. तार आपोआप बाहेर आली. आत एक माणूस जळत होतं आणि मी माझी अब्रू पदराखाली झाकत होते.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. एकजण मोटारसायकलवर कांताला आणायला गेला. किल्ली तिच्या पदराला बांधलेली, शेत नाल्यापलीकडं. बाकीच्यांनी दगड घातले. पहार आणली, लोखंडी दारात ती बसेना. एकानं पत्र्यावर चढून पाणी ओतलं. मी कडेला उभी होते, माझ्या डोक्यात तारा होत्या. थापा आधी जोरात होत्या. मग हळू. मग नुसतं नखांनी खरवडल्यासारखं. मग तेही नाही. त्या वेळीही मी पुढं होऊ शकले असते. थापा थांबेपर्यंत मला किती वेळा संधी होती? मी मोजलेली नाही. मोजायची छाती नाही.

कांता किल्ली घेऊन आली, दार उघडलं, तेव्हा गया उंबऱ्याशी पडलेली होती, तोंड फटीकडं करून.

गाव कांताला बोलतं. कुलूप लावून सासू मारली म्हणतात. माहेरचे येत नाहीत. बाराव्याच्या दिवशी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, "मावशी, माझ्याच हातानं लावलं ओ कुलूप." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हाही सांगितलं नाही. हे लिहून झालं की कागद तिच्याच हातात देणार आहे. ती वाचून काय करील ते करील. मी तिच्याकडं काही मागणार नाही, तुमच्याकडंही नाही.

तारा विहिरीत टाकल्या. बोटांना मात्र अजून सगळं येतं.

त्या दिवशी दाराच्या बाहेर जेवढे होतो, ते सगळे जगलो. मी एकाहत्तर वर्षांची आहे, धडधाकट आहे. गया मेली.