हायडेलबर्गचा दिवस कुणी आखला

गोपिका रामटेकेनं जर्मनी पाहिली नव्हती आणि पाहायला मिळेल असंही काही लक्षण नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात नवऱ्याबरोबर दोघंच असं ती फक्त एकदा बाहेर पडली होती, तेही दाताच्या डॉक्टरकडे. तरीही हायडेलबर्ग नावाच्या जुन्या जर्मन गावात नागपुरातल्या जोडप्यांनी एक दिवस गोडीगुलाबीनं कसा घालवावा, हे सत्त्याहत्तर साली ठरवलं ते तिनं. ही गोष्ट पुढं नागपूरच्या बर्डी बाजारात वेगळ्याच माणसाच्या नावानं सांगितली गेली, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी.

बर्डीवर भैय्याजींची सहल कंपनी होती. आधी काशी-रामेश्वरच्या बसगाड्या, मग काश्मीर, आणि नंतर एकदम युरोप. गोपिका तिथं सहा वर्षं टायपिस्ट होती. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मशीनवर तिचा हात चालायचा. इंदोऱ्याच्या वस्तीतून सिटी बसनं यायची, डबा खिडकीत ठेवायची आणि भैय्याजी जे जे 'थोडंसं लिहून द्या' म्हणतील ते ते लिहून द्यायची. पत्रं, माहितीपत्रकं, गिऱ्हाइकांच्या तक्रारींची उत्तरं, सगळंच. टायपिस्टचं काम टाइप करायचं असतं, मजकूर जन्माला घालायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि भैय्याजी तर सांगणारच नव्हते.

त्या वर्षी युरोपच्या सहलीत हायडेलबर्गला एक दिवस मोकळा निघाला. भैय्याजी म्हणाले, "जोडप्यांसाठी काही रोमँटिक लिहून टाका तिथलं. मले त्यातलं काही समजत नाही." यात मात्र ते शंभर टक्के खरं बोलत होते. बाजारात ते बायकोच्या दहा पावलं पुढं चालायचे आणि ती मागं आहे की हरवली हे घरी पोचल्यावर बघायचे.

गोपिकेनं काम मनावर घेतलं. तिथल्या पर्यटन कचेरीनं पाठवलेलं इंग्रजी पुस्तक तिनं दोनदा वाचलं. गावाचा नकाशा मशीनशेजारी भिंतीला टाचला. मधून नदी, नदीवर जुना दगडी पूल, वर टेकडीवर लाल दगडाचा अर्धा पडका किल्ला, किल्ल्यावर दोरानं ओढत नेणारी इवलीशी गाडी, आणि नदीपलीकडच्या उतारावर तत्त्वज्ञांची म्हणून एक झाडीतली वाट. आठ दिवसांत तिला ते गाव इंदोऱ्याइतकं पाठ झालं. कुठल्या गल्लीतून पूल दिसतो, कुठं बाक आहे, सगळं ती डबा खाताना बोटानं फिरून यायची. मग तिनं दिवस आखला.

आणि इथं तिची चूक झाली. सहल जूनमध्ये होती. जून म्हटल्यावर नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं जे रणरणतं ऊन येतं तेच तिच्या पुढं आलं. अक्कल शाबूत असलेलं माणूस जूनमध्ये भर दुपारी घराबाहेर पडत नाही. म्हणून तिनं लिहिलं: पहाटे साडेपाचला जुन्या पुलावर. सातला पलीकडच्या वाटेनं टेकडी. अकराच्या आत खोलीवर परत. अकरा ते पाच खोलीतच आराम, पडदे ओढून घ्यावेत. पाचनंतर किल्ला. खाली टीप घातली, की बाहेर पडताना कानाला रुमाल बांधावा आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवावा. भैय्याजींनी कागद न वाचता सही ठोकली आणि तो दिवस बारा जोडप्यांबरोबर जर्मनीला गेला.

जुलैत धरमपेठेच्या बड्या वस्तीतले एक डॉक्टर दातओठ खात कचेरीत येऊन उभे राहिले. मागं त्यांची बायको शोभाताई. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. जर्मनीत दुपारी छान कोवळं ऊन असतं, सगळं गाव रस्त्यावर कॉफी पीत बसलेलं असतं, आणि आम्ही दोघं पडदे ओढून खोलीत सहा तास. पाचला किल्ल्यावर गेलो तर आतली दालनं बंद व्हायची वेळ. शिवाय तिथल्या भाजीबाजारात अर्धा तास कांदा शोधला तो वेगळाच. शोभाताई खाली बघत होत्या.

भैय्याजींनी सगळ्या स्टाफसमोर गोपिकेला उभं केलं. "हायडेलबर्ग म्हणजे का आपल्या नागपुरातलं महाल समजल्या तुम्ही? डोकं कुठं ठेवलं होतं? माफी मागा साहेबांची." तिनं माफी मागितली. चूक तिची होती, ते तिला मान्यच होतं. पण कागदावर सही कुणाची होती? ज्या माणसानं एक ओळ वाचली नाही त्यानं तिला चारचौघांत डोकं कुठं आहे असं विचारावं, याचा तिला असा संताप आला की दुपारचा डबा तिनं तसाच घरी नेला.

चार दिवसांनी शोभाताई एकट्याच आल्या. भैय्याजी बाहेर गेले होते. त्या गोपिकेच्या मशीनजवळ स्टूल ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी भांडायला नाही आले. आमच्या घरात अकरा माणसं आहेत. लग्नाला सात वर्षं झाली, दिवसाउजेडी आमच्या खोलीचं दार कधी लागलेलं नाही. लावलं तर सासूबाई विचारतात, बरं नाही का. तिथं सहा तास दार बंद होतं आणि ते कागदावर लिहिलेलं होतं. आधी तासभर हे नुसते चिडले. मग बोलायला लागले. लहानपणचं, वडिलांचं, काय काय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

गोपिकेनं मशीनवरचे हात काढून घेतले.

"आणि पहाटे त्या पुलावर चिटपाखरू नव्हतं," शोभाताई म्हणाल्या. "कुणी बघायला नाही म्हटल्यावर यांनी माझा हात धरला. पूल संपेपर्यंत सोडला नाही. ही गोष्ट काही ते तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी आले."

शोभाताई जशा इथं बोलल्या तशा आणखी कुठं कुठं बोलल्या असणार. हळदीकुंकवाच्या एका हंगामात ती गोष्ट धरमपेठ, रामदासपेठ फिरून आली. पुढच्या मे महिन्यात सहलीला नाव नोंदवायला आलेली जोडपी कचेरीत विचारायला लागली, की तो पडद्यांचा दिवस आहे ना? भैय्याजी आधी चपापले, मग खुलले. दहा महिन्यांपूर्वी ज्या कागदावरून त्यांनी गोपिकेचा पाणउतारा केला होता, त्यालाच ते आता 'आपली खासियत' म्हणायला लागले. ऐकताना गोपिकेच्या डोक्यात तिडीक जायची. तरी तिनं तो दिवस पुन्हा नीट आखला. कांदा काढला. किल्ल्याच्या वेळा पत्र पाठवून मागवल्या आणि किल्ला सकाळी दहाला नेला. पहाट आणि बंद दार तसंच ठेवलं. आता ती चूक नव्हती. आता ते तिला कळून केलेलं काम होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कामाखाली आपलं नाव हवंसं वाटलं.

भैय्याजींनी ठरवलं, की हा दिवस वेगळा कागद करून जोडप्यांना वाटायचा. प्रती काढायची स्टेन्सिल मशीनवर टाइप करून कापायला मजकूर तिच्याकडंच आला. वर भैय्याजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आखणी : रविंद्र'. पुढं त्याचं आडनाव. रविंद्र म्हणजे भैय्याजींचा जावई. कचेरीत येऊन त्याला तीन महिने झाले होते आणि हायडेलबर्ग नकाशात कुठं आहे हे त्यानं तिलाच दोनदा विचारलं होतं.

ती कागद घेऊन आत गेली. "भैय्याजी, हे मी लिहिलं आहे."

"माहीत आहे न. कोण नाही म्हणते?"

"मंग माझं नाव काहून नाही?"

भैय्याजींनी पान लावत लावत इकडंतिकडं पाहिलं आणि समजूत घालायच्या सुरात बोलले. "बाई, तुम्ही हुशार आहा. तुम्हाले समजाले पाहिजे. मले काही नाही त्याचं, मी कुठं मानतो? पण लोक आडनाव वाचतात. घरातल्या नाजूक गोष्टीचा कागद आहे हा. धरमपेठेतली बाई तो उशीजवळ ठेवणार. कशाले उगाच?"

गोपिका दहा वर्षांची होती तेव्हा, छप्पन साली, बापाच्या खांद्यावर बसून तिनं धम्मदीक्षेच्या मैदानावरची पांढऱ्या कपड्यांची गर्दी पाहिली होती. घरी परतताना बाप म्हणाला होता, आता आपण कुणाच्या खाली नाही. त्याला बावीस वर्षं झाली होती. आणि इथं एक माणूस पानाला चुना लावत तिला सांगत होता, की तू लिहिलेलं उशीजवळ चालतं, तुझं आडनाव चालत नाही. सात वर्षं हा आपल्याला गिऱ्हाइकांसमोर नुसतं 'गोपिकाबाई' म्हणतो, फोनवरही तसंच सांगायला लावतो, ते का, हे तिला त्या क्षणी कळलं. इतके दिवस ती त्याला आपुलकी समजत आली होती. तिला भैय्याजींपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

संध्याकाळी चंद्रभान, तिचा नवरा, शहराबाहेर वाडीला असलेल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमधून आला, अंगभर धूळ घेऊन. तो दिवसभर ट्रकमधला माल मोजून घ्यायचा आणि घरी फार बोलायचा नाही. तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तो हातपाय धूत होता.

"जाऊ दे न वं," तो म्हणाला. "जावयाचं नाव टाकलं त टाकलं. नावानं का पोट भरते?"

"तसं नाही. आडनाव चालत नाही म्हणे. लोक वाचतात म्हणे."

चंद्रभानचा हात तांब्यावरच थांबला. आडनाव त्याचं होतं. तो ओल्या पायांनीच आत आला. मग जेवायला बसला आणि अर्ध्या जेवणात म्हणाला, "स्टेन्सिल तूच टाइप करते न?"

"हो."

"मशीनवर कागद कोण काढते?"

"मीच."

"मंग मले काहून विचारून राहिली?" असं म्हणून त्यानं भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी गोपिकेनं स्टेन्सिल कापली. एकाच कागदाच्या पहिल्या पानावर सकाळ, मागच्या पानावर दुपार आणि संध्याकाळ. मागच्या पानाच्या मधोमध, ठळक दिसेल असं, 'आखणी : गोपिका चंद्रभान रामटेके'. सायक्लोस्टाइलच्या छपाई यंत्राचं हँडल फिरवून तिनं शंभर प्रती काढल्या, गठ्ठा नीट ठोकून भैय्याजींच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसली. 

भैय्याजींनी गठ्ठा पाहिला तेव्हा चार वाजले होते आणि सहाला धरमपेठेतल्या सभागृहात सहलीच्या जोडप्यांची सभा होती. नवी स्टेन्सिल कापायला वेळ नव्हता. आणि कापणार कोण? ते ओरडले नाहीत. गिऱ्हाईक बसलं होतं. त्यांनी जावयाला आत बोलावलं, शाईची दौत आणि ब्रश दिला, आणि शंभर कागदांवरचं ते नाव काळं करायला लावलं. गोपिका दारातून बघत राहिली. एवढा मोठा जावई खाली मान घालून एकामागून एक तिच्या नावाला काळं फासत होता आणि बाजूला वाळत घालत होता. या कामात मात्र कुणाची चूक होऊ नये म्हणून भैय्याजी स्वतः प्रत्येक कागदाची ती एकच बाजू तपासत होते.

सायक्लोस्टाइलचा कागद टीपकागदासारखा शाई पितो. हे रोज हाताळणाऱ्याला ठाऊक असतं. तिथं ते गोपिकेला एकटीलाच ठाऊक होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.

सभेला खसच्या कूलरसमोर सात जोडपी बसली होती. भैय्याजींनी पुढच्या रांगेतून उठून जावयाची ओळख करून दिली, हाच तो दिवस आखणारा तरुण म्हणून. गोपिकेला त्यांनी चहाचा ट्रे फिरवायला सांगितलं होतं. नोकरीचं उद्या बघू, असंही सांगितलं होतं. कागद वाटले गेले. ती दुसऱ्या रांगेपर्यंत पोचली होती तेव्हा एक नवी नवरी, हातात चुडा, उठून उभी राहिली.

"सकाळचं वाचता येत नाही," ती म्हणाली. "इथं सगळं काळं झालं आहे. सकाळी काय करायचं असतं?"

बाकीच्यांनीही आपापले कागद उजेडात धरले. मागच्या पानावरची शाई झिरपून पहिल्या पानावर आली होती आणि पूल, वाट, साडेपाचची वेळ, सगळं त्या डागात बुडालं होतं. रविंद्रनं कागद उलटा केला, सुलटा केला. "सकाळी म्हणजे, सकाळी फिरायचं," तो म्हणाला आणि सासऱ्याकडं बघायला लागला. मागून कुणीतरी विचारलं, की हे खोडलंय तरी काय?

गोपिकेनं ट्रे खुर्चीवर ठेवला. भैय्याजी वळून तिच्याकडं बघत होते आणि मानेनं नको नको म्हणत होते. तिला त्यांच्या त्या मानेची अशी चीड आली की भीती कुठल्या कुठं गेली.

"त्या डागाखाली माझं नाव आहे," ती म्हणाली. "दिवस मी आखला आहे. सकाळ मला पाठ आहे, सांगते. पेन काढा आणि लिहून घ्या."

पर्सा उघडल्या, खिशांतून पेनं निघाली. चौदा माणसं मांडीवर कागद घेऊन तिच्याकडं बघायला लागली.

"आधी नाव लिहा," ती म्हणाली. "गोपिका चंद्रभान रामटेके." आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत ती पुढं बोललीच नाही.