सैल पट्टे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गोदीत सुपरवायझर होतो. मीरा रोडला नुकताच राहायला आलो होतो. माझ्या गँगमधला एक खलाशी तिथून जवळच्याच मोरवा गावचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा.

त्या दिवशी जहाजाच्या पोटातून जीपगाड्या उतरवत होतो. क्रेनचे पट्टे गाडीला अडकवून ताणून घ्यायचे आणि मगच चाकांखालचे लाकडी गुटके काढायचे, एवढाच नियम. जेवणाची सुट्टी टळून गेली होती, वरून क्रेनवाला घाई करत होता. पट्टे अजून सैल होते. तरी मी म्हणालो, "काढ गुटका."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काढला. जहाज जरासं कललेलं होतं. जीप हातभर घरंगळली आणि त्याचा गुडघा लोखंडी भिंतीशी चेंगरला.

चौकशीत मी लिहून दिलं, की हुकमाची वाट न बघता त्याने गुटका काढला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पंधरा दिवसांनी मोसंबी घेऊन त्याच्या घरी गेलो. पाय प्लास्टरमध्ये. शेजारी त्याची म्हातारी आई बसलेली. पोरगा पहिल्यापासून उतावळाच, तुम्हाला त्रास झाला, असं ती मलाच म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "क्रेनचा आवाज व्हता, साहेब. तुमी 'थांब' बोलला आसाल, मला 'काढ' आयकू आला."

"असेल," मी म्हणालो. आणि चहा प्यायलो.

तो परतला तो गेटवरच्या बैठ्या कामावर. जहाजावर त्याला पुन्हा कोणी चढू दिलं नाही. वर्षभराने मी वरच्या साहेबांना खरं सांगितलं. फाइल बंद झालीय, आता कशाला उकरताय, असं ते म्हणाले. मीही आग्रह धरला नाही. निदान त्याला तरी सांगावं म्हणून गेटवर गेलो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मला म्हाईत हाय. मी काय बहिरा न्हाय."

"मग त्या दिवशी तसं का बोललात?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच अहो-जाहो आलं.

"आय बसली व्हती. तिच्यासमोर घरी आलेल्या मानसाला खोटारडा कसा बोलू?"

मागे ट्रक येऊन थांबला. तो काठी टेकत उठला आणि नंबर लिहून घ्यायला गेला.