डाव चालू आहे, हात लावू नये

'प्रभाकर नाबर यांच्या निधनाने देशाच्या संगणक क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.' हे वाक्य माझं नाही. शोकसभेत त्याच्या साहेबांनी ते कागदावरून वाचलं, आणि 'नाबर'पाशी किंचित अडखळले. बाकीचा मजकूर त्यांना पाठ असावा. शोकसभा दहाव्या दिवशी झाली. पोकळी आठव्या दिवशीच भरली होती. चेंबूरहून येणारे एक गृहस्थ त्याच्या खुर्चीवर बसू लागले होते आणि सभेत तेही मान खाली घालून उभे होते. देशाच्या संगणक क्षेत्राला प्रभाकर ठाऊक नव्हता. तो एका औषध कंपनीत गोदामातल्या मालाच्या याद्या कॉम्प्युटरवर छापायचा, आणि उरलेल्या वेळात, मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत, मला हरवू शकेल असं यंत्र तयार करायचा.

बातमी आली तेव्हा मी घाटकोपरला आमच्या बँकेत होतो. मंगळवार होता. फोन मॅनेजरच्या केबिनमध्ये येतो, त्यामुळे मला आत बोलावलं. पलीकडे प्रभाकरचा सहकारी होता. त्याने सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत प्रभाकरने डबा उघडला, एक घास घेतला आणि टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली. कुणीतरी तर दुसऱ्याला हळू बोलायला सांगितलं... एक्केचाळीस वर्षांचा माणूस, परवाच्या रविवारी मी त्याच्याकडे दोन वेळा पोहे खाल्ले होते. मी फोनवर काय बोललो ते मॅनेजरनी मला नंतर सांगितलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. मी म्हणालो होतो, "असं कसं? माझी चाल राहिली आहे."

आम्ही गोरेगावच्या शाळेत एका बाकावर होतो. मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळायचो आणि तो नियमाने हरायचा. हरल्यावर चिडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, हरल्यावर वही काढणारा तो एकटाच. कुठल्या चालीला चुकलो ते तो मला विचारायचा आणि लिहून घ्यायचा. पुढच्या वेळी ती चूक करायचा नाही, नवी करायचा. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बुद्धिबळ सुटलं. आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या मेव्हण्याने दुबईहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला. टाइपरायटरच्या कळफलकाएवढी ती वस्तू घरच्या टीव्हीला जोडायची, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. मेव्हण्याची समजूत अशी की भाऊजी त्यावर ऑफिसचं काम करतील आणि बढती मिळवतील. भाऊजींनी महिनाभरात त्यावर लढाई रचली. टीव्हीच्या पडद्यावर चौकटींचा पट, दोन टोकांना दोन किल्ले, दोन्हीकडे सारखेच सैनिक, घोडेस्वार आणि एकेक तोफ. एक चाल मी करायची, एक मशीनने. समोरचा किल्ला घेतला की जिंकलं.

पहिला डाव मी दहा मिनिटांत जिंकला. युक्ती साधी होती. एक घोडेस्वार एकटाच पुढे सोडायचा. मशीन त्याला मारायला सगळं सैन्य घेऊन धावायचं आणि त्याचा किल्ला उघडा पडायचा. प्रभाकरने वही काढली. तेव्हापासून दर रविवारी, सकाळची पौराणिक मालिका बघायला जमलेले शेजारी पांगले की, टीव्ही आमच्या ताब्यात यायचा. तो दर आठवड्याला मशीनला काहीतरी नवं शिकवून ठेवायचा आणि मी दर रविवारी त्याला हरवायचो. ऑफिसातल्या एकाने सुचवलं की मशीनला दुप्पट सैन्य दे, खेळणारा आपोआप हरेल. प्रभाकर म्हणाला, "दुप्पट सैन्य दिल्यावर हुशार व्हायची गरजच काय? आमचे साहेब बघ." मग त्याने मशीनला तीन चाली पुढचा विचार करायला लावलं. ते विचार करू लागलं... आमचं जेवण झालं, वहिनींच्या माहेरची सगळी खुशाली झाली, आम्ही स्टेशनपर्यंत पाय मोकळे करून आलो, तरी ते विचारच करत होतं. एवढं करून शेवटी त्याने माझा घोडेस्वार मारला आणि किल्ला उघडा टाकला. मशीन तापायचं म्हणून घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा. आम्ही घाम पुसत बसायचो.

मग त्याला वाटलं, मशीनला माझ्यासारखंच खेळवावं. वहीतले माझे सगळे डाव उकरून, कुठल्या वेळी मी काय करतो ते त्याने त्यात घातलं. त्या रविवारी दोन्हीकडून एकेक घोडेस्वार पुढे आला आणि बाकीची सैन्यं दीड तास आपापल्या किल्ल्यात बसून राहिली, कारण समोरचा किल्ला उघडा टाकून बाहेर पडल्याशिवाय मी कधी बाहेर पडत नाही. मी म्हटलं, "पभ्या, हा मीच आहे रे." तो पडद्याकडे बघत म्हणाला, "वाट लागली. एक तूच पुरे होतास."

गेल्या वर्षी मी एक गोष्ट केली, ती लिहायला हवी. तो दोन महिने एकाच दुरुस्तीच्या मागे होता, धड जेवत नव्हता. शैलावहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पाणी देता देता म्हणाल्या, "भावजी, एकदा हरा ना. तुमचं काय जातं?" मला ते पटलं. मी हरलो, तेही बऱ्यापैकी झगडून. प्रभाकर उठून उभा राहिला, चपला घालून खाली गेला आणि जिलबी घेऊन आला. मजल्यावरच्या चारही घरांत वाटली. शेजाऱ्यांना वाटलं, बढती मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वही घेऊन बँकेत हजर. काउंटरच्या पलीकडे रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर वही माझ्यापुढे सरकवली आणि सतराव्या चालीवर बोट ठेवलं.

"तोफ का हलवलीस?"

"चुकलो रे."

"तू असा चुकत नाहीस. वीस-पंचवीस वर्षं तुझ्या चुका लिहितोय मी." मागचा माणूस पासबुक हलवत होता. प्रभाकर म्हणाला, "तुझी दया नको मला. खरी चूक हवी आहे." त्याने माझ्याच पेनाने त्या डावापुढचं 'मशीन जिंकलं' खोडलं, 'ग्राह्य नाही' असं लिहिलं, आणि महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. एका खेळण्यावरून एवढं कशाला, असं मला तेव्हा वाटत होतं. मी त्याच्याकडून नेमकं काय हिसकावून घेतलं होतं, ते कळायला पुढे बराच वेळ लागला.

शेवटच्या रविवारी तो वेगळाच निवांत होता. सांगत होता की या वेळी मशीनमध्ये काही घातलं नाही, उलट काढलं. समोरचे मारल्याबद्दल मशीन प्रत्येक चालीला जे गुण देई, ते त्याने जवळजवळ शून्यावर आणले होते. "हाव काढली त्याची," म्हणाला. "आता ते थांबतं." मी नेहमीसारखा घोडेस्वार सोडला. मशीनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. एक सैनिक एक घर सरकवला. मी हसलो. संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा होता, शेजारी यायला लागले, म्हणून डाव अर्धवट राहिला. मशीन बंद केलं तर डाव पुसला जाणार, म्हणून त्याने टीव्हीची वायर तेवढी काढली, मशीन चालू ठेवलं आणि स्विचवर चिठ्ठी चिकटवली: डाव चालू आहे, हात लावू नये. दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी उशिरा आलास तरी चालेल. फार वेळ लागणार नाही." मला वाटलं, नेहमीसारखा मीच लवकर जिंकेन असं म्हणतोय.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटून मी मुलुंडला गेलो. शैलावहिनी एकट्याच होत्या. खोलीत उकडत होतं आणि टेबलफॅन मशीनकडे तोंड करून फिरत होता. चिठ्ठी जागच्या जागी, मशीनचा बारका लाल दिवा चालू. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"यांनी लिहून ठेवलंय ना," त्या म्हणाल्या, "मी कशी बंद करू?" भेटायला येणारे पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत बसत, पण फॅन त्यांनी कुणाकडे वळवू दिला नव्हता. रविवारपासून ते मशीन सलग पंधरा दिवस माझ्या चालीची वाट बघत होतं. मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसलो.

वहिनी म्हणाल्या, "खेळा. पण भावजी, या वेळी माझं ऐकू नका."

मी वायर टीव्हीला जोडली. पट जसाच्या तसा होता. मी खेळलो, आयुष्यात कधी खेळलो नव्हतो इतक्या जपून. मशीनने माझा एकही सैनिक उगाच मारला नाही. ते थांबत होतं, एकेक घर सरकत होतं, आणि अकराव्या चालीला माझ्या लक्षात आलं की माझा किल्ला उघडा आहे. मागे मोजत गेलो. चूक घोडेस्वार सोडला तिथेच झाली होती. रविवारी वायर निघाली तेव्हाच मी हरलेला होतो आणि प्रभाकरला ते दिसलं होतं. निकाल त्याने वहीत लिहिला नव्हता. डावाचा एकशे एकेचाळीस हा क्रमांक घातलेला, पुढे जागा कोरी. मी 'मशीन जिंकलं' लिहिलं, खाली 'ग्राह्य' लिहिलं आणि बँकेत करतो तशी पूर्ण सही केली.

वहिनींनी ती नोंद वाचली. मग चिठ्ठी काढून वहीत ठेवली, स्विच बंद केला आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा फॅन आमच्याकडे वळवला. मी अँटेनाची वायर परत टीव्हीला लावली. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता. भेंडीवरच्या किडीची माहिती देत होते. आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.