सत्यशीलानं न केलेली सही

सत्यशीला आमच्याकडं खोली बघायला आली तेव्हा तिनं पाण्याचं काही विचारलं नाही. पुंडलिकनगरात खोली बघायला येणारं माणूस आधी पाण्याचंच विचारतं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, शेगडीकडं बघितलं नि म्हणाली, "काकू, ती गॅसची नळी जरा वाकवून बघू का?"

मी म्हटलं, बघ बाई. तिनं नळी दोन बोटांत धरून दुमडली, तशी वरच्या अंगाला नखाएवढी भेग उघडली.

"सरळ असली की रबराची भेग दिसत नाय," ती म्हणाली. "आजच्या आज बदला. खोलीचं मग सांगा."

खोली दिली. गच्चीला लागून आहे ती. चार वर्षं राहिली. मी रोज सकाळी पूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते, तिथी, उपास, कोण आलं, कोण गेलं. काल त्या चार वर्षांच्या वह्या काढून बसले होते. तिचं नाव पानोपानी आहे, पण काय म्हणून? 'सत्यशीला सहाला गेली.' 'सत्यशीलाला कढी दिली.' 'सत्यशीलाला सर्दी.' एवढंच. म्हणून आज सलग लिहिते आहे.

वय असेल अडतीस-चाळीस. लग्न केलं नव्हतं, का ते मी एकदाच विचारलं नि ती म्हणाली, "राहून गेलं." पैठणच्या पलीकडं त्यांची वस्ती. वडील आप्पा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ, आई मंजुळाबाई त्यांच्या मागं. वस्तीवरून आयटीआयला आलेली ही पहिलीच मुलगी. आप्पांचा फोन आला की ती स्पीकर लावून गच्चीत फिरत बोलायची. आवाज मोठा, त्यामुळं खाली सगळं ऐकू यायचं.

"कंपनीत काय करतीस म्हनलीस?"

"मास्क तपासती, आप्पा. धुती, पुसती."

"मास्क म्हंजी मुखवटे? सोंगाचे?"

"व्हय, सोंगाचेच."

मी म्हटलं, अगं, खरं सांग की त्यांना. तर म्हणाली, "काकू, खरं समजावस्तोवर त्यांची मेंढरं दुसऱ्याच्या वावरात घुसतील."

कंपनी चिकलठाण्याची, आमचे हेही तिथंच. हे रंगाच्या लाइनवर इन्चार्ज. घरी ती यांना काका म्हणायची, कंपनीत साहेब. रंगाचा नि थिनरचा वास छातीत जाऊ नये म्हणून माणसं तोंडावर रबरी मास्क लावतात, टाकीत उतरायचं तर अख्खा चेहरा झाकणारा. पाळी सुटली की ते सगळे हिच्या खोलीत जमा. ही त्यांच्या गाळण्या काढून ठेवून मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुणार, सावलीत वाळवणार, पट्टे ताणून बघणार. श्वास बाहेर जायला एक पातळ रबराची चकती असते, ती भिंगाखाली धरणार. चकतीखाली एक केस अडकला तरी बाहेरची हवा आत येते म्हणे. पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरचा काटा रोज बघणार. सगळं धड असलं तर टॅगवर तारीख नि सही. तिच्या सहीशिवाय मास्क खोलीबाहेर जायचा नाही.

आणि मग माणसाचं तोंड. मास्क नवा असून उपयोग नाही, तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. ती माणसाला मास्क लावायची, दोन्ही गाळण्यांवर तळहात दाबून आत श्वास ओढायला लावायची. मास्क गालांना चिकटला नि दहा आकडे मोजेपर्यंत तसाच राहिला तर ठीक. वर्षातून एकदा डोक्यावर टोपडं चढवून आत कडू फवारा मारायची. जिभेला कडू लागलं की मास्क गळतो. नि तो बहुतेक दाढीवरच गळतो. दोन दिवसांचे खुंटही रबराला उचलून धरतात.

म्हणजे तिचा खरा महिना श्रावण. लाइनवरची अर्धी माणसं श्रावण पाळणारी, महिनाभर दाढी न करणारी. ती एकेकाला परत पाठवायची, कपाटात साबण नि वस्तरे ठेवलेले असायचे. कुणी दाढी करून यायचं, कुणी महिनाभर दुसरं काम मागून घ्यायचं. तिला नाव पडलं, वस्तराबाई. एकदा संघपाल म्हणून एक रंगारी तिला म्हणाला, "मॅडम, निदान मिशी तरी राहू द्या, बायको ओळखायची नाही." तर ही म्हणाली, "मिशी ठेवा की. फक्त ओठावरच राहा म्हणावं मिशीला." हे ती मला सांगताना हसली होती. नाहीतर कंपनीतलं हसण्यासारखं ती फार काही आणायची नाही. डबा खायची तो मास्कच्या खोलीत, एकटीच. कॅन्टीनमध्ये का जात नाहीस म्हटलं तर "आवाज लई असतो तिथं."

गुरुवारी मात्र आरतीला खाली यायची. दाराजवळ बसायची, टाळ्या सगळ्यांच्या मागून. आरती झाली की मी तिचं ताट वाढायचे. ताट वर नेऊ नकोस, इथंच जेव, असं मीच लावून धरलं होतं. श्रेया, आमची मुलगी, नाशिकला दिलेली. हे आले की टीव्हीसमोर. मला तरी बोलायला कोण होतं? ती फार बोलायची नाही, पण ऐकायची. ताटातलं सगळं संपवायची, नि ताट घासूनच वर जायची.

गेल्या वर्षी श्रेयाला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन गेलेली होती, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. श्रावणात तिला पाचवाच लागला होता. पहिल्या सोमवारी मी वेरूळला घृष्णेश्वराला गेले आणि बोलून बसले, देवा, हिची सुखरूप सुटका होईपर्यंत हिचे वडील तोंडाला वस्तरा लावणार नाहीत. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला न विचारता माझी दाढी?" पण मुलीसाठी म्हणून गप्प राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात कंपनी नव्हतीच. श्रावणात हे टाकीवर जायचे नाहीत, तेवढं निभलं. पण गणपती उठल्यावर लाइन बंद ठेवून रंगाच्या टाक्या आतून धुतात, त्याला शटडाऊन म्हणतात. अठरा वर्षं टाकीत सगळ्यांच्या आधी उतरायचे ते हेच. आपण उतरल्याशिवाय पोरांना उतरवायचं नाही, ही यांची शिस्त. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. शटडाऊन चार दिवसांवर आलं नि सत्यशीलानं यांना नापास केलं.

हे घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. "सगळ्यांसमोर म्हणाली, साहेब, बसत नाही. राजकुमार माझ्या हाताखाली शिकला, तो हसला. मी तिला म्हटलं, अठरा वर्षं उतरतोय मी. म्हणते, तोंड आजचं बघायचं असतं."

मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी.

मला खात्री होती. चार वर्षं माझ्या हातचं जेवलेली मुलगी. पुरणपोळी केली, वर तूप सोडलं, नि संध्याकाळी दिवा लावून वर गेले. ती कपडे दोरीवरून काढत होती. ताटाकडं बघूनच तिला कळलं.

"काकू, काकांचं असेल तर नका."

"अगं, सही तर करायची. अर्ध्या तासाचं काम. एवढी वर्षं काही झालं नाही."

"एवढी वर्षं गुळगुळीत तोंड होतं."

"नवस आहे, सत्यशीला. तुला माहीत आहे श्रेयाचं."

"माहीत हाय. मीबी बिरोबाला हात जोडते तिच्यासाठी, रोज." तिनं कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला होता. "पण नवस तुमी बोलला ना? मग केस काकांचे का? तुमी गोड सोडायचं, चप्पल सोडायची. देवानं काय काकांचीच दाढी मागितली?"

हे खरं होतं म्हणूनच झोंबलं असावं. मी म्हणाले, "तुला लेकरू नाही, तुला काय कळणार त्यातलं."

लिहितानाही हात थांबतो आहे. पण म्हणाले ते म्हणाले.

तिनं ताट माझ्या हातातून घेतलं नाही. मी ते घेऊन खाली आले. त्या पोळ्या आम्ही दोघांनी खाल्ल्या.

सही झाली नाही. शटडाऊनला राजकुमार उतरला. हे टाकीच्या तोंडाशी वही घेऊन बसले, कोण कितीला आत गेलं, कितीला बाहेर आलं ते लिहीत. काही अपघात झाला नाही, काम वेळेत झालं, यांच्यावाचून काही अडलं नाही. मला वाटतं यांना तेच जास्त लागलं. घरी येऊन म्हणाले, "झालं." आणि आंघोळीला गेले.

पुढच्या गुरुवारी आरतीला ती आली नाही. मीही हाक मारली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ती खाली आली, किल्ली कट्ट्यावर ठेवली. "काकू, मुकुंदवाडीला खोली बघितली हाय. कंपनीला जवळ पडतं." मी 'बरं' म्हणाले. थांब म्हणायला हवं होतं, ते तोंडात आलंही होतं. एका छोट्या टेम्पोत तिचं सगळं मावलं, बिरोबाचा फोटो तिनं मांडीवर घेतला होता. चार वर्षांचं सामान एवढंच? मी गॅलरीतून बघत राहिले.

मार्गशीर्ष संपता संपता श्रेयाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आम्ही वेरूळला जाऊन नवस फेडला, यांनी दाढी उतरवली. दुसऱ्याच दिवशी हे आपणहून मास्कच्या खोलीत गेले. मी संध्याकाळी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, श्वास ओढा. दहा मोजले. म्हणाली, पास. पुढचा माणूस बोलावला."

"आणखी काही नाही?"

"कामावर आणखी काय बोलतात?"

बारशाचे पेढे घेऊन मी एकटीच मुकुंदवाडीला गेले. यांना सांगितलं, देवळात जाते. खोली तळमजल्याला, दारापुढं मोटारसायकली लावलेल्या. कंपनीची बस आली तशी ती उतरली, मला बघून चालता चालता थांबली. मग कुलूप काढलं, आत बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं.

मी पेढे पुढं केले. तिनं एक घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. "नाव काय ठेवलं?"

"प्रेरणा."

"चांगलं हाय."

मी म्हटलं, "सत्यशीला, मी त्या दिवशी बोलले ते बोलायला नको होतं. तू परत चल. खोली तशीच आहे. हेही काही म्हणणार नाहीत."

"तुमच्या बोलण्यानं नाय गेले मी, काकू. माणूस बोलतं."

"मग?"

ती सतरंजीच्या काठाचे दोरे सारखे करू लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी काका आले, तवा मी पेन उघडलं होतं. टॅगवर तारीख लिहिली. काकांच्या गालावर मास्क उचललेला मला दिसत होता, समोर. तरी मला काय दिसत होतं? तुमच्या घरचं ताट. नि हात सहीवर गेला. एक रेघ वढली पण, 'स'ची." तिनं माझ्याकडं बघितलं. "मग टॅग फाडला. दुसरा घेतला."



"अकरा वर्षांत असं नव्हतं झालं," ती म्हणाली. "कुनाचं खाल्लंच नव्हतं ना. तुमच्याकडं खाल्लं. गुरुवारची वाट बघायला लागले होते मी. पुढच्या श्रावणात काका परत येतील, नाय तर दुसरं कोणी तुमच्या वळखीचं. तवा रेघ पुरी होईल माझी. मला भ्या वाटतं त्याचं."

"हे वर्षभरात निवृत्त होतील गं. मग काय?"

"मग बघू," ती म्हणाली. पण ते 'नाय' सारखंच ऐकू आलं.

"मग कधीतरी जेवायला तरी ये. नुसती."

ती हसली, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नव्हतं. "तुमी नुसतं जेवून जाऊ द्याल का मला?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल काढली. तिची उद्याची पाळी सहाची होती. मी उठले. ती रस्त्यापर्यंत आली, रिक्षा थांबवून दिली, रिक्षावाल्याला म्हणाली, "काकूंना पुंडलिकनगरात नीट सोडा, दारापर्यंत." पेढ्यांचा डबा तिनं परत माझ्या पिशवीत घातला होता. तिच्या वाटचा तो एकच पेढा कमी झाला होता.

आज गुरुवार. आरतीला मी आणि हे. आरती झाल्यावर वरच्या खोलीसाठी एक नवीन लग्न झालेलं जोडपं येऊन गेलं. पोरगी बोलकी आहे, गच्ची बघून खूश झाली, पाणी किती वाजता येतं विचारलं. हे म्हणाले, चांगली माणसं वाटतात, देऊन टाक. मी हो म्हटलं आहे. रविवारी ती राहायला येतील. त्यांना जेवायचं विचारायचं का नाही, ते अजून मी ठरवलेलं नाही.